धनुर्वाताचे विष आणि वेळेचा हिशेब



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु धनुर्वाताच्या रुग्णाला इतके आठवडे अतिदक्षता विभागात का ठेवावे लागते, हा प्रश्न नातेवाईक देयक हाती घेऊन प्रशासनालाच विचारतात. त्याचे उत्तर या रोगाच्या विषात आहे.

धनुर्वाताचे जंतू जखमेतच राहतात. शरीरभर पसरते ते त्यांचे विष. रक्तावाटे ते स्नायूंपर्यंत पोहोचते, तेथील मज्जातंतूंच्या टोकांत शिरते आणि तंतूंच्या आतूनच मज्जारज्जूकडे जाते. तेथे स्नायूंना सैल करणारे संदेश ते रोखते. मग दातखीळ बसते आणि पाठ धनुष्यासारखी ताणली जाते.

बेरिंग व किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले की, या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकते. याच तत्त्वावर घोड्यांना निर्विष केलेले जंतुविष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवले जाऊ लागले. पुण्यात घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबातील डॉ. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटचा आरंभही धनुर्वाताच्या प्रतिविषानेच झाला.

मात्र प्रतिविषालाही मर्यादा आहे. मज्जातंतूबाहेरचे विष ते निकामी करते. आत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. त्याचा परिणाम ओसरून मज्जातंतूंचे कार्य पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालवणे आणि झटके आवरणे, एवढेच आपल्या हाती असते. देयकातील मोठा आकडा औषधाचा नसून या प्रतीक्षेचा आहे.

२०१५ मध्ये भारतातून माता व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ आहे. जंतूंची बीजे मात्र मातीत व शेणात कायम आहेत. हा रोग होऊन गेल्यानेही प्रतिकारशक्ती येत नाही. बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस घ्यावीच लागते.

म्हणून आप्तजनांना विनंती, की मुलांची दहाव्या व सोळाव्या वर्षाची आणि गर्भवतींची लस चुकवू नका. मातीने माखलेली जखम त्याच दिवशी दाखवा. देणगीदारांना विनंती, की ज्याची वेळ टळली, त्या रुग्णाच्या प्रतीक्षेचा भार आपण उचलावा.