खिडकी दुरुस्त करावी की बदलावी? एका निर्णयाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



सालाबादप्रमाणे जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. मात्र पत्रकातील ‘इमारत दुरुस्ती’ या एका ओळीविषयी बोलण्याची परवानगी अध्यक्षांनी मला दिली आहे. ही ओळ गतवर्षीपेक्षा बरीच फुगलेली दिसेल आणि इमारतीवरील भांडवली खर्च मात्र अपेक्षेपेक्षा थोडा दिसेल. याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे, कारण या दोन ओळींच्या मागे एका मोठ्या देणगीची कहाणी आहे आणि माझी स्वतःची एक जुनी चूकही आहे.

आपल्या रुग्णालयाला एकूण ११८ खिडक्या आहेत. जुन्या इमारतीतील ६२ खिडक्या सागवानी, दोन झडपांच्या आणि वर झरोका असलेल्या आहेत. या झरोक्याला आमचे सुतार ‘व्हेंटिलेटर’ म्हणतात. त्यामुळे ‘दहा व्हेंटिलेटर बिघडले’ असा निरोप आला की नव्या डॉक्टरांची धावपळ होते, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे. विस्तारित इमारतीत ३४ खिडक्या लोखंडी चौकटीच्या आहेत आणि दुसऱ्या मजल्यावर २२ खिडक्या सरकत्या, ॲल्युमिनियमच्या होत्या. कोकणातील पाऊस आणि खारा वारा या सर्वांची दरवर्षी कसून परीक्षा घेतात.

गतवर्षी मुंबईस्थित एका कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ सर्वच्या सर्व खिडक्या नव्या करून देण्याची तयारी दर्शविली. खिडक्या एकसारख्या, पांढऱ्या व सरकत्या असाव्यात आणि दर्शनी भागी नामफलक असावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कोणत्याही व्यवस्थापकाने हात जोडून स्वीकारावी अशीच ही देणगी होती. तरीही मी विश्वस्त मंडळाकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. त्याचे कारण २०१२ साली माझ्याच हातून घडलेली चूक हे होय.

त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरील पुरुष कक्षात पावसाचे पाणी येऊन खाटा भिजत असत. त्या मजल्यावरील खिडक्या जुन्या, रंग उडालेल्या आणि कुरकुरणाऱ्या होत्या. त्या बदलाव्यात अशी शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. २२ सागवानी खिडक्या भंगाराच्या भावाने गेल्या. घेणारा गृहस्थ फारच खुशीत होता; त्यावरूनच मी काही बोध घ्यावयास हवा होता. नव्या खिडक्या बसल्या, पहिला पावसाळा बरा गेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच खाटा पुन्हा भिंतीपासून दूर ओढाव्या लागल्या.

कारण पुढे कितीतरी वर्षांनी कळले. छज्जाच्या खालच्या अंगाला, पाणी तेथेच तुटून खाली पडावे म्हणून एक बारीक खाच ठेवलेली असते. पूर्वीच्या एका रंगकामात ती गिलाव्याने बुजली होती. त्यामुळे पाणी छज्जाखालून मागे ओढले जाऊन भिंतीवर येई आणि चौकट व भिंत यांच्या फटीतून आत झिरपे. खिडकीचा त्यात काही दोष नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती.

या चुकीची खरी किंमत २०२० साली समजली. साथीच्या प्रारंभी तापाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष निवडायचा होता. मी सर्वांत नव्या, चकचकीत अशा दुसऱ्या मजल्याचे नाव सुचविले. आमच्या मेट्रनबाई त्या कक्षातून एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, इथे वारा फिरत नाही.” हिशेब अगदी साधा होता. चार फूट रुंद व पाच फूट उंच अशी आपली खिडकी २० चौरस फुटांची. बिजागरीवर फिरणाऱ्या दोन्ही झडपा उघडल्या की जवळजवळ ती सर्व जागा मोकळी होते. सरकत्या खिडकीत एक झडप दुसरीच्या मागे जाते, म्हणून निम्मीच जागा उघडते. त्या कक्षाला ८ खिडक्या. म्हणजे १६० चौरस फुटांची हवेची वाट मी ८० वर आणून ठेवली होती. वरचे झरोके गेले ते वेगळेच. अखेर तापाचा कक्ष खालच्या जुन्या इमारतीत, कुरकुरणाऱ्या सागवानी खिडक्यांच्या आधाराने उघडावा लागला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातील मला फारसे कळत नाही. परंतु आमच्या डॉक्टरांनी त्या काळात मला दोन गोष्टी वाचावयास दिल्या. पहिली, पेरू देशातील लिमा शहरातील ८ रुग्णालयांची पाहणी. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलते, तर यंत्राने हवा खेळविलेल्या विलगीकरण खोल्यांसाठी हे प्रमाण १२ धरलेले असते, असे त्यात आढळले. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत हा आकडा ४० होता, तर नव्या पद्धतीच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांत १७. दुसरी गोष्ट म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची २००९ सालची मार्गदर्शक तत्त्वे. नैसर्गिक वायुवीजनाच्या सर्वसाधारण कक्षात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा असावी आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीत ती सरासरी १६० लिटर असावी, असे त्यांत म्हटले आहे. क्षयरोगाचे रुग्ण आपल्याकडे येतात, आणि निदान होण्यापूर्वी कित्येक दिवस ते सर्वसाधारण कक्षातच असतात. त्यांच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाला आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला खिडकीशिवाय दुसरे संरक्षण नसते.

म्हणून या वेळी आम्ही निर्णय आधी आणि कारणे मागाहून, असे केले नाही. एक सुतार, एक लोहारकाम जाणणारा कारागीर, आमचे देखभाल कर्मचारी आणि एक निवृत्त स्थापत्य अभियंता यांनी प्रत्येक खिडकी स्वतंत्रपणे तपासली. प्रत्येक खिडकीला क्रमांक देऊन एक कार्ड केले. टोकदार अवजाराने लाकूड व लोखंड टोचून पाहिले. विशेषतः चौकटीचा खालचा भाग, कारण पाणी तेथेच साचते. झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी लावली. पट्टी सहज निसटली तर तेथे फट आहे असे समजायचे. बाहेरून नळीने पाणी मारले, तेही खालून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून. एकदम वरून पाणी सोडले तर ते नेमके कोठून शिरते हे कळत नाही. आणि शेवटी कक्षात उदबत्ती लावून धूर कोठे जातो ते पाहिले.

या पाहणीचा निष्कर्ष आपणांस सांगतो. सागवानी ६२ खिडक्यांपैकी ५१ खिडक्यांना नव्या बिजागऱ्या, खिट्ट्या, तावदानांची पुट्टी आणि रंग एवढेच पुरेसे होते. ९ खिडक्यांचा केवळ खालचा आडवा भाग कुजला होता. तेवढा कापून नवीन सागाचा जोड दिला. वाळवीने पोखरलेल्या २ खिडक्या मात्र बदलल्या. लोखंडी ३४ खिडक्यांत चित्र निराळे होते. लोखंड गंजले की गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो. तो चौकटीला फुगवितो, काच तडकवितो आणि शेजारचा गिलावा फोडतो. समुद्राच्या बाजूच्या १३ खिडक्या अशा अवस्थेला पोहोचल्या होत्या की वरून रंग देणे म्हणजे गंजावर पांघरूण घालणे ठरले असते. त्या बदलल्या आणि उरलेल्या २१ खिडक्या घासून, गंजरोधक थर देऊन दुरुस्त केल्या. ॲल्युमिनियमच्या २२ खिडक्यांपैकी कार्यालय व मार्गिकेतील १४ ठेवल्या. त्यांच्या खालच्या पट्टीतील पाणी निचऱ्याची बुजलेली भोके मोकळी केली आणि भिंतीलगतची फट भरून घेतली. पुरुष कक्षातील ८ मात्र काढून बिजागरीच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या बसविल्या. छज्जाच्या खाचा सर्वत्र मोकळ्या केल्या. एकंदर ९५ खिडक्या दुरुस्त झाल्या आणि २३ बदलल्या.

दुरुस्ती नेहमीच स्वस्त असते असा याचा अर्थ नव्हे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर एकरकमी खर्च न पाहता दर वर्षाचा भार पाहावा. हिशेब समजावा एवढ्यासाठी काही आकडे घेऊ. एखाद्या खिडकीच्या दुरुस्तीला ४,००० रुपये लागले आणि ती ८ वर्षे टिकली, तर भार वर्षाला ५०० रुपये. नवी खिडकी २४,००० रुपयांची आणि २० वर्षे टिकणारी असेल, तर भार १,२०० रुपये. येथे दुरुस्ती शहाणपणाची. परंतु गंजलेल्या चौकटीवर ६,००० रुपये खर्च करून जेमतेम २ वर्षे मिळणार असतील तर भार ३,००० रुपये. तेथे दुरुस्तीचा हट्ट हीच उधळपट्टी. शिवाय रुग्णालयात आणखी काही खर्च असतात, ते कोणत्याही दरपत्रकात नसतात. चौकट उखडली की धूळ उडते. तिच्यातील बुरशीचे कण अशक्त रुग्णाच्या फुप्फुसाला घातक ठरू शकतात, म्हणून कक्ष रिकामा करावा लागतो. खाटा बंद राहतात आणि परांची बांधावी लागते. हे सर्व बदलण्याच्या बाजूला मांडावयास हवे.

तसेच प्रत्येक खोलीला एकच नियम लागू नाही. शस्त्रक्रियागृहात हवा यंत्रानेच गाळून घ्यावयाची असते. तेथे खिडकी घट्ट बंद असणेच योग्य. भंडारा येथील ९ जानेवारी २०२१ च्या दुर्दैवी आगीनंतर राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी झाली. त्यानंतर आपणही खिडक्यांच्या पक्क्या जाळ्यांचा फेरविचार केला. आता प्रत्येक कक्षात एक तरी जाळी आतून उघडता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वास्तविक जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते आपण बदलावयास का निघतो? माझ्या अनुभवाने त्याचे एक कारण आम्ही व्यवस्थापक आणि आपण देणगीदार, दोघांमध्येही दडलेले आहे. नव्या वस्तूसाठी देणगी मिळते. दुरुस्तीसाठी मिळत नाही. बिजागरीवर कोनशिला बसविता येत नाही. निर्धन रुग्ण निधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठीच वापरावयाचा असतो. त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये. मग दुरुस्ती पुढे ढकलली जाते, आणि एक दिवस ‘आता बदलण्याशिवाय इलाज नाही’ असे आपण प्रामाणिकपणे म्हणतो. तो इलाजाचा अभाव आपणच दहा वर्षे जोपासलेला असतो.

हे सर्व मी त्या कुटुंबापुढे जसेच्या तसे मांडले. देणगी परत जाईल अशी भीती मनात होती, हे कबूल करतो. ज्येष्ठ चिरंजीव ऐन आषाढात स्वतः आले. जुन्या कक्षात थोडा वेळ उभे राहिले, मग दुसऱ्या मजल्यावर गेले. काही न बोलता त्यांनी शर्टाचे वरचे बटण उघडले. खाली आल्यावर, वडील अखेरच्या दिवसांत खिडकीजवळची खाट मागत असत, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या देणगीतून २३ नव्या खिडक्यांचा खर्च भागला. उरलेली मोठी रक्कम त्यांनी लेखी निर्देशासह कायम निधी म्हणून दिली. तिचे व्याज केवळ खिडक्या-दारांच्या देखभालीवर खर्च व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. यंदाच्या दुरुस्तीचा भार मात्र संस्थेने आपल्या उत्पन्नातून उचलला, म्हणून ती ओळ फुगलेली आहे. नामफलक दर्शनी भागी न लावता पुरुष कक्षाच्या दाराशी लावला आहे.

यापुढे दरवर्षी वैशाखात सर्व ११८ खिडक्यांची पाहणी होईल आणि प्रत्येक खिडकीच्या कार्डावर नोंद होईल. ही कार्डे पाहण्यासाठी कार्यालयात कोणीही यावे. माझ्या निवृत्तीनंतर येणाऱ्या व्यवस्थापकाला २०१२ चे कार्डही त्यात सापडेल. ‘पाणी कोठून येते हे न पाहता बदलली’ असा शेरा मी त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.