आधी बॅटरी, मग बंदूक



काल जेवताना सगळ्यांनी एकच विचारलं, "गावी परतलास ते ठीक, पण बंदूक कशाला? आणि कुठली?"

माझी शेती रानाला लागून. रानडुकरं एका रात्रीत भात लोळवतात. शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला, तेव्हा प्रश्न आला निवडीचा. ठासणीची स्वस्त, पण पावसात दारू सर्दावते, भरायला वेळ लागतो. रायफलची गोळी मैलाच्या पुढे जाते आणि कोकणात वाडीला वाडी लागून. दुनळी महाग. शेवटी बारा बोअरची एकनळी घेतली. मोडून पाहिली की भरलेली की रिकामी, लगेच कळतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे डुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणून माझे बार हवेतच, आवाजापुरते.

गेल्या भाद्रपदात मात्र सलग तिसऱ्या रात्री करवंदीच्या जाळीत खसफस झाली. रागाने नळी तिकडे वळली, बोट चापावर गेलं. तेवढ्यात गणिताच्या बाई आठवल्या : "उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा." बॅटरी मारली. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा, सुटलेलं वासरू शोधत होता.

काडतूस काढताना हात थरथरत होता. त्याच्या आईला हे अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तेव्हा माझ्या वहीवर तुम्ही पुष्कळ लाल रेघा मारल्यात. त्यातली एक त्या रात्री कामी आली.