साइड इफेक्ट नसलेली गोळी शोधताना

हेडफोन लावलेत ना? एसटीत बसून स्पीकरवर ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा विषय आपल्याकडे कुजबुजतच बोलला जातो. विषय आहे गर्भनिरोधक. त्यातही तो प्रश्न, जो सगळ्याच जणी गुगलला रात्री अकरानंतर विचारतात: कमीत कमी साइड इफेक्ट कशात?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. बीटेक नागपूरला केलं, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आणि गाव साकोली तालुक्यात. वर्क फ्रॉम होममुळे वर्षातले काही महिने मी धानाच्या बांधाशेजारी बसूनच कोड लिहिते. म्हणून आज मी माझी गोष्ट सांगणार. सल्ला मात्र तुम्ही डॉक्टरांचाच घ्या.

आमच्या कामात 'साइड इफेक्ट' या शब्दाला वेगळा अर्थ आहे. एखाद्या फंक्शनला बेरीज करायला सांगितली आणि त्यानं जाता जाता दुसरीकडची फाइलही बदलली, तर आम्ही त्याला साइड इफेक्ट म्हणतो. प्रत्येक वेळी ती चूक नसते. पण ते होणार हे तुम्हाला माहीत नसेल, तर घात होतो. माझा तसाच झाला.

लग्न झालं तेव्हा मी २६ वर्षांची. दोन-तीन वर्षं मूल नको, हे दोघांचंही ठरलेलं. इकडे रोवणीच्या वेळी गावातल्या मावश्या विचारायच्या, "काऊन वं, पाळणा केव्हा?" मी हसून वेळ मारून न्यायची. एका मैत्रिणीनं रोजच्या गोळीचं नाव सांगितलं. मेडिकलमधून पाकीट आणलं. देणाऱ्यानं कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत दिलं. ना त्यानं काही विचारलं, ना मी.

पहिला महिना मळमळ. दुसऱ्या महिन्यात डोकेदुखी वाढली. डोकं तर माझं कॉलेजपासूनच दुखायचं, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा मीटिंग चालू असताना स्क्रीनचा डावा भाग दिसेनासाच झाला. त्या जागी नागमोडी चमक, विजेच्या रेघेसारखी. वीस मिनिटांनी ती गेली आणि मग डोकं असं ठणकलं की कॅमेरा बंद करून मी खालीच बसले.

डॉक्टरांनी बीपी तपासलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यासमोर अशी चमक आधीही यायची का?" यायची. अधूनमधून, बारावीपासून. त्या म्हणाल्या, "मग ही गोळी आजपासून बंद."

कारण साधं आहे. अशी चमक येऊन होणाऱ्या डोकेदुखीला ऑरासह मायग्रेन म्हणतात. नेहमीच्या मिश्र गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असतं. सरकारी माला-एनमध्येही असतं. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन घेतलं तर मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. तरुण वयात तो धोका मुळात छोटा, पण दुसरे पर्याय असताना तो घ्यायचाच कशाला? बीपी जास्त असणाऱ्या, रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या आणि पस्तिशीनंतर सिगरेट ओढणाऱ्या बायकांनाही ही गोळी देत नाहीत. बाकी असंख्य जणींना ती छान चालते. गोळी वाईट नव्हती. माझ्यासाठी ती चुकीची होती, आणि ते कळायला एक प्रश्न पुरेसा होता.

मग दुसरी गोष्ट निघाली. आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, सिकलसेल बराच आढळतो. माझी तपासणी कॉलेजच्या शिबिरात झालेली, एएस, म्हणजे वाहक. डॉक्टर म्हणाल्या, वाहक असल्यानं साधनांवर तसं बंधन येत नाही. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर मात्र कोणतंही साधन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या म्हणाल्या, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. माझं हिमोग्लोबिन मात्र ९.४ निघालं.

आता इंजिनियर बाई काय करणार? एक्सेल उघडली. पहिल्या रकान्यात साधन, दुसऱ्यात त्रास, तिसऱ्यात 'चुकलं तर काय'. थोडक्यात सांगते.

कंडोम. शरीरावर औषधाचा परिणाम शून्य, आणि लैंगिक आजारांपासून वाचवणारं हे एकच साधन. पण लोक जसं प्रत्यक्षात वापरतात तसं धरलं, तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी साधारण १३ जणींना दिवस जातात. दर वेळी आणि नीट वापरलं तर २. म्हणजे मधला फरक आळसाचा.

कॉपर-टी. हार्मोन नाही. ३८० ए प्रकारची १० वर्षं चालते, काढली की लगेच मूल होऊ शकतं, आणि वर्षाला शंभरात एकीलाही जेमतेम दिवस जातात. त्रास म्हणजे पाळीत रक्त जास्त जाणं आणि पोटात कळा, विशेषतः पहिले काही महिने. ९.४ हिमोग्लोबिनवर मला ते परवडणारं नव्हतं.

अंतरा इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होते किंवा थांबते, काहींचं वजन वाढतं, आणि बंद केल्यावर दिवस जायला काही महिने उशीर होऊ शकतो. वर्षभरात मूल हवं असेल तर हा हिशोब आधी करा.

छाया गोळी. ही आपल्या लखनौच्या सीडीआरआय संस्थेनं शोधली, 'सहेली' नावानंही मिळते. हिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. काहींची पाळी लांबते. पीसीओएस किंवा लिव्हरचा त्रास असेल तर देत नाहीत.

हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कंडोम आणि गोळ्या आशाताईंकडेही असतात. आणि ती ७२ तासांतली इमर्जन्सी गोळी? ती इमर्जन्सीसाठीच. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, पण दर महिन्याची सवय नको.

तक्ता बघताना लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. शून्य साइड इफेक्टचं साधन शोधत होते, पण नको असताना राहिलेलं गरोदरपण, तेही अशा हिमोग्लोबिनवर, हा सगळ्यात मोठा साइड इफेक्ट. तो मी कुठल्याच रकान्यात लिहिला नव्हता. बाय द वे, साधन फसलं तर लपून कुठल्या तरी गोळ्या खाऊ नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू होतं, २० आठवड्यांपर्यंत. डॉक्टरकडे जा.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्रासाचा रकाना जवळजवळ सगळा माझ्याच शरीराचा होता. मी लॅपटॉप नवऱ्याकडे फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुझं रक्त वाढेपर्यंत जबाबदारी माझी." सहा महिने कंडोम, एकदाही 'आज राहू दे' नाही. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन ११.८ झालं, आणि मग कॉपर-टी बसवली. पहिले तीन महिने कळा आल्या, खोटं कशाला बोलू? पण येणार हे माहीत होतं, म्हणून घाबरले नाही. आता वर्ष होत आलं, ठीक आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "आम्हाले कोनी इचारलंच नाही वं. दोन लेकरं झाली, शिबिरात नेलं, ऑपरेशन झालं." ती तेव्हा २४ वर्षांची होती. बाबांचं ऑपरेशन होऊ शकतं, हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आजही फार बदल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात नसबंदी केलेल्या बायका जवळपास ३८ टक्के, आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. खरं तर पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन सोपं आणि कमी धोक्याचं. त्यानं ताकद जात नाही, फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यावं लागतं. आमचं ठरलंय, मुलं झाल्यावर नंबर त्याचा.

याच महाराष्ट्रात १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. ते गणिताचे प्राध्यापक. याच कामापायी त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शंभर वर्षं झाली, आणि आपण अजून पाकीट कागदात गुंडाळतोय.

तर मंडळी, दवाखान्यात जाताना या पाच गोष्टी मोबाइलमध्ये लिहून न्या. मायग्रेन आहे का आणि चमक येते का. बीपी किती. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा रिपोर्ट. पाळी कशी येते. आणि मूल केव्हा हवंय. विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आणि मित्रांनो, तुम्ही बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसू नका. आत या, खुर्ची दोघांसाठी असते.

हा भाग एका मैत्रिणीला पाठवा आणि एका मित्रालाही. भेटू पुढच्या भागात!