आप्पांची जीप

(मंडळाच्या गणेशोत्सवात, छंदांवरील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाची आम्हाला सवय नाही. राज्य सरकारची नोकरी, शिक्षण डिप्लोमापर्यंत; बोलण्यापेक्षा मोजमापं लिहिण्यातच वर्षं गेली. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे भाऊ. टेबलावरची ही साडेनऊ सेंटिमीटरची जीप दोघांनी मिळून केली आहे, म्हणून बोलतो एक असलो तरी दोघांच्या वतीने बोलतो.

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून गाडी जुळवायचा संच, म्हणजे मॉडेल किट, हा तसा महागडा शौक. चांगले किट परदेशातून येतात. आमचा मात्र मागच्या श्रावणात जुमेरात बाजारात जमिनीवर मांडलेल्या भंगारात सापडला. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्कराची विलीज जीप, प्रमाण 1:35. कुणीतरी अर्धवट चिकटवून वर हिरव्या रंगाचा जाड थर दिला होता. एक चाक आणि समोरची काच गायब. दीडशे रुपयांत घेतला.

घेण्याचं कारण आप्पा. आमचे वडील पाटबंधारे खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. ऐंशीच्या दशकात मांजरा नदीवर सिंगूर धरणाचं काम चालू होतं, तेव्हा साहेबांना घेऊन त्यांच्या सतत फेऱ्या असत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं जवळजवळ थांबलं. त्यांची जीप करून हातात द्यावी, एवढाच विचार.

आता कृती सांगतो. मुलांनो, लक्ष द्या. जुना किट आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. मग जुना रंग काढायचा. इथे आमची पहिली चूक झाली. घरात थिनर होता, तो लावला. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं असतं. थिनरने रंगाबरोबर मडगार्डही विरघळलं! मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी लावून पाहिलं, मग सगळे भाग झाकणाच्या बरणीत रात्रभर बुडवले आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासले. हे काम मोठ्यांच्या देखत, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून करायचं. हा पदार्थ पेट घेतो, तेव्हा जवळ समई-निरांजन नको.

चिकटलेले सांधे सुटेनात, म्हणून जीप पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवली. थंडीने जुना डिंक ठिसूळ होतो आणि ब्लेडचं टोक हलकेच फिरवलं की बरेच सांधे सुटतात. भेगा बुजवायला विकतची लांबी लागत नाही. ज्या चौकटीतून भाग तोडतात, तिचे तुकडे किटच्या पातळ सिमेंटमध्ये विरघळवले की त्याच प्लास्टिकचा लगदा तयार होतो. तो वाळला की 400, 800, 1200 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने घासायचा.

लष्करी जीप आणि आपल्याकडची जीप एकसारखी नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. त्यांची पुढे खूप चाललेली सीजे-3बी ही उंच बॉनेटची. लष्करी जीपच्या जाळीत नऊ फटी, हिच्यात सात. मुदत संपलेल्या ओळखपत्राचं प्लास्टिक कापून आम्ही बॉनेट तीन मिलिमीटर उचललं आणि जाळी नवी केली. ते प्लास्टिक पीव्हीसीचं, त्याला किटचं सिमेंट धरत नाही, म्हणून फेवीक्विक वापरलं. समोरची काच शर्टाच्या खोक्यातल्या पारदर्शक कागदाची. ताडपत्री म्हणजे टिश्यू पेपर आणि पाणी घातलेलं फेविकॉल. हरवलेलं चाक लगद्यातून घडवलं. ते नीट गोल झालं नाही, म्हणून मागे स्टेपनीच्या जागी लावलं.

रंगाला मात्र थांबावं लागलं. पावसाळी हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. दसऱ्यानंतर कोरडी हवा आली तेव्हा आधी प्रायमर, मग फिकट करड्या रंगाचे तीन पातळ थर दिले.

दिवाळीच्या पाडव्याला जीप आप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, फिरवली. मग डाव्या हाताचं बोट स्टिअरिंगवर ठेवलं आणि मान हलवली. बराच वेळ ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, “हितं... साहेब बसायचे.”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. अमेरिकन जीपचं स्टिअरिंग डावीकडे असतं! बॉनेटची उंची मोजली, जाळीच्या फटी मोजल्या आणि ज्या जागी आपला बाप इतकी वर्षं बसला, ती जागाच चुकवली. डिप्लोमावाले आम्ही!

धाकटा म्हणाला, “राहू दे, कुणाला कळणार आहे?” खरंही होतं. पुन्हा उघडायची तर ताडपत्री फाडावी लागणार, रंग खरवडावा लागणार, तीन महिन्यांचं काम जाणार. पण ज्यांच्यासाठी केली त्यांना कळलं होतं. दुसऱ्या रविवारी धाकट्यानेच ब्लेड आणलं.

स्टिअरिंगचा दांडा कापला, जुनं भोक लगद्याने भरलं, उजवीकडे तापवलेल्या सुईने नवं पाडलं. स्टिअरिंगचं चाक विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारेचं केलं. या वेळी मात्र दर टप्प्याला आप्पांना विचारलं. रोज संध्याकाळी जीप त्यांच्यापुढे ठेवायची आणि बोट कुठे जातं ते बघायचं. आरसा कुठे, पाण्याचा कॅन कुठे, सगळं त्यांनी दाखवलं. नंबर विचारला तर अडखळत, पण न चुकता सांगितला. होळीपर्यंत जीप पुन्हा तयार झाली.

दोन्ही वेळचा सगळा खर्च हजाराच्या आत. नवा किट घेतला असता तर त्याहून जास्त लागले असते. पण पैशांचा हिशेब निम्माच आहे. आम्हाला एवढंच कळलं की जुनी वस्तू दुरुस्त करताना निम्मं काम आधीची चूक उलगडण्याचं असतं, मग ती दुसऱ्याची असो वा आपली. आणि वस्तू कशी होती हे ज्याला माहीत आहे, तो माणूस घरात असेल तर त्याला आधी विचारावं. आम्ही शेवटी विचारलं.

आप्पा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. कार्यक्रमानंतर मुलांनी जीप हातात घेऊन बघायला हरकत नाही. फक्त उजव्या सीटवर बोट ठेवण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

गणपती बाप्पा मोरया!