प्रवासाचा विमा : घ्यावा की न घ्यावा?



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांनी आणलेले कागद वाचता वाचता झाले. म्हणून आजचा विषयही मी कागदाचाच घेतला आहे.

सुट्ट्या लागल्या आहेत. कोणी काशीला, कोणी चारधामला निघाले आहे. कोणाचा मुलगा परदेशी असतो, त्याच्याकडे आईवडील निघाले आहेत. अशा वेळी कचेरीत हमखास प्रश्न येतो, “भाऊ, प्रवासाचा विमा काढावा काय? वेळ आली म्हणजे कंपनी काहीतरी खुसपट काढून नाहीच म्हणणार. मग पैसे पाण्यात का घालायचे?” हा प्रश्न अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला हसून उडवू नये. पण “नाकारतात, म्हणून घेऊ नये” हा निष्कर्ष काढण्याआधी काय नाकारतात आणि कशासाठी नाकारतात, हे पाहिले पाहिजे.

विमा म्हणजे मुळात वर्गणी. आमच्या युनियनचा मृत्युफंड असतो. सगळे थोडे थोडे देतात आणि ज्याच्या घरावर घाला पडतो त्याच्या घरी ते एकदम जाते. विम्याचे तत्त्व हेच. फरक एवढाच, की फंडाचा चिटणीस आपल्या ओळखीचा असतो, त्याला घरची परिस्थिती ठाऊक असते. विमा कंपनीला आपण ठाऊक नसतो. तिच्यापुढे आपल्या वतीने फक्त कागद बोलतो. तो कागद आपण वाचलेला नसला, तर आपला वकील काय बोलणार हे आपल्यालाच माहीत नाही, अशी स्थिती होते.

प्रवासाचा विमा आजचा नाही. इंग्लंडात १८४९ साली रेल्वेच्या उतारूंसाठी एक कंपनी निघाली आणि ती तिकिटाबरोबर विमा विकू लागली. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स द्यावेत, त्याचा जीव गेला तर वारसांना हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत पाचशे. तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे. हिशेब करून पाहा. श्रीमंताला एका पेनीमागे तीनशेतेहतीस पौंड पडतात, गरिबाला दोनशेच. विम्याचा धंदा कनवाळूपणावर चालत नाही, हिशेबावर चालतो. म्हणून आपणही हिशेबानेच त्याच्याकडे पाहावे.

आता आपल्या रेल्वेकडे येऊ. आगगाडीच्या अपघातात दोन वेगळे पैसे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला पैसा कायद्याचा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १२४ आणि १२४-अ या कलमांनुसार गाडीला अपघात झाला, किंवा उतारू चालत्या गाडीतून चुकून पडला, तर रेल्वेने भरपाई द्यावी लागते. मग चूक रेल्वेची असो वा नसो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम चार लाखांवरून आठ लाख झाली. यासाठी विमा काढलेला असण्याची गरज नाही. दुसरा पैसा कराराचा. १ सप्टेंबर २०१६ पासून रेल्वेच्या संकेतस्थळावरून तिकीट काढताना ऐच्छिक विम्याची सोय झाली. तेव्हा हप्ता बाण्णव पैसे होता. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास दहा लाख, आणि इस्पितळाच्या खर्चासाठी दोन लाखांपर्यंत. खिडकीवर रांगेत उभे राहून तिकीट काढणाऱ्याला ही सोय नाही, आणि मुंबईच्या लोकलच्या उतारूलाही नाही. म्हणजे ज्याला गरज जास्त, तोच बाहेर. ही गोष्ट मी कामगार चळवळीतला माणूस म्हणून नोंदवून ठेवतो.

आमच्या एका सभासदाचा तरुण मुलगा लोकलमधून पडून गेला. विमा नव्हता, तिकीट सापडले नाही, तेव्हा काही मिळायचे नाही असे चार शहाण्यांनी सांगितले आणि घरची माणसे गप्प बसली. आमच्याकडे ती आली तेव्हा अकरावा महिना चालू होता. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत एक वर्षाची असते. उशिराचे सबळ कारण पटवता आले तरच पुढे दार उघडते. धावपळ करून अर्ज मुदतीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ च्या निकालात सांगितले आहे, की नुसते तिकीट सापडले नाही म्हणून मृत माणूस उतारू नव्हता असे ठरत नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकीगत मांडावी, मग ते खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. गाडीत चढता-उतरताना पडणे म्हणजे स्वतः ओढवून घेतलेली इजा नव्हे, हेही त्याच निकालात आहे. त्या घराला पैसे मिळाले. मुलगा परत आला नाही, पण धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही. हक्क ठाऊक नसणे हा नकाराचा पहिला प्रकार आहे आणि तो नकार आपणच आपल्याला देतो.

दुसरा प्रकार असा, की जे विकत घेतलेच नाही त्याची मागणी. गाडीत बसल्या जागी हृदयविकाराने माणूस गेला, तर रेल्वेचा तो पैशांचा विमा लागू होत नाही आणि कायद्याची भरपाईही मिळत नाही, कारण तो अपघात नव्हे, आजार. सहल रद्द झाल्याचा खर्च मिळतो, पण पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठीच. मन बदलले हे कारण त्यात नसते. दारूच्या अमलात झालेली इजा बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. हा नकार कडू लागतो, पण त्याला अन्याय म्हणता येणार नाही.

तिसरा प्रकार, लपवालपवीचा. अर्जात “काही आजार आहे काय?” असे विचारलेले असते. एजंट म्हणतो, “नाही लिहा काका, हप्ता वाढेल.” काका सही करतात. एजंट कमिशन घेऊन जातो आणि सही मात्र काकांची राहते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अशाच एका आरोग्यविम्याच्या प्रकरणात कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असताना प्रकृती उत्तम असल्याचे अर्जात लिहिले होते. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. आपण खोटे लिहिले की दारूगोळा आपणच समोरच्याच्या हाती दिला.

आता चौथा प्रकार, निव्वळ अन्यायाचा. एक गृहस्थ २००९ साली कुटुंबातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांनी परदेश प्रवासाचा विमा घेतला, मधुमेह असल्याचे सांगितले, डॉक्टरांची तपासणी झाली आणि मग पॉलिसी मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांची प्रकृती बिघडली. हृदयात स्टेंट घालावे लागले. कंपनीने दावा नाकारला, कारण काय, तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्याचे सांगितले नव्हते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचेच मानले. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी तो नकार रद्द केला. प्रकृती तपासून, आजार माहीत असताना पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल योग्यच लागला. पण २००९ ते २०२१ म्हणजे बारा वर्षे! एवढा दम किती जणांच्या अंगी असतो? म्हणून विम्यावर शंका घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणत नाही.

तरीही माझे उत्तर “घ्यावा” असेच आहे, मात्र हिशेबाने. जो तोटा आपण सोसू शकतो त्याचा विमा नको, जो तोटा घर बुडवील त्याचा हवा. बॅग हरवली तर चार महिने काटकसर करू. परंतु अमेरिकेत आईला इस्पितळात ठेवावे लागले, तर मुलाची वर्षानुवर्षांची शिल्लक जाते. म्हणून परदेशी जाताना, विशेषतः वृद्धांसाठी, विमा घ्यावाच. आणि घेताना बॅगेची रक्कम न पाहता वैद्यकीय खर्चाची रक्कम पाहावी. पूर्वीच्या आजारातून संकट आले तर काय, हे कलम आधी वाचावे. ते कलम आपल्याविरुद्ध असेल तर दुसरी पॉलिसी पाहावी, कारण साठीच्या माणसाला त्याच कलमाची गरज लागते. देशातल्या रेल्वेप्रवासात, तिकीट संकेतस्थळावरून काढत असाल, तर त्या पैशांचा विचारही करू नये. विमा घ्यावा, आणि वारसाचे नाव लगेच भरावे.

विमा घेतल्यावर काम संपत नाही. अर्ज स्वतः भरा, औषधांची नावेसुद्धा लिहा आणि भरलेल्या अर्जाची प्रत घरी ठेवा. पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा दूरध्वनी घरच्या दुसऱ्या माणसाजवळ असू द्या. इस्पितळात दाखल होताच कंपनीला कळवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी नोंद घ्या. चोरी झाली तर पोलिसांची.

इतके करूनही नकार आला, तर तो लेखी मागा आणि कोणत्या कलमाखाली नाकारले ते विचारा. तोंडी नकार म्हणजे नकारच नव्हे. प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तिने फेटाळली, किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत, तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे. आणि पॉलिसीतल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने तो लिहिला त्याच्याविरुद्धचा अर्थ धरावा, हे न्यायालयांचे जुने सूत्र आहे. तो शब्द आपण लिहिलेला नसतो, कंपनीने लिहिलेला असतो.

शेवटी एक विनंती. एकटा माणूस नकाराचे पत्र हाती पडले की खचतो. चौघे मिळून तेच पत्र वाचायला बसले की त्यातली कच्ची जागा सापडते. आमच्या चळवळीने मला एवढेच शिकवले. या गावात वाचनालय आहे, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात लोकांचे विम्याचे कागद वाचायला कोणी बसले, तर प्रवासाला निघण्यापूर्वी लोक पॉलिसी दाखवून जातील आणि नकार आलाच तर पत्र घेऊन येतील. पहिल्या संध्याकाळी मी स्वतः येईन.