देवमाशाचे पाय कोठे गेले?



देवमासा हा मासा नव्हे, हे वाक्य प्राथमिक शाळेतील मुले पाठ म्हणतात. कारण विचारता, ‘तो पिलांना दूध पाजतो’ असे उत्तर येते व ते बरोबरही असते. परंतु एखाद्या चौकस मुलाने ‘मग तो समुद्रात गेला कसा?’ असे विचारले, तर धडा तेथेच अडतो. वास्तविक धड्याचा खरा आरंभ या प्रश्नापासून व्हावयास हवा. त्याच्या उत्तराचा मोठा भाग भारतीय उपखंडातील खडकांतच सापडला आहे.

प्रथम जिवंत प्राण्याकडे पाहू. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो व त्यासाठी त्यास वर यावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळे येथे देवमाशाचे एक पिल्लू किनाऱ्यास लागले होते. असा प्राणी किनाऱ्यावर माशाप्रमाणे पाण्यावाचून गुदमरत नाही; स्वतःच्याच देहाच्या भाराने तो दडपतो व त्याचे अंग तापते. मासा शेपटी डावीउजवीकडे हलवितो, तर देवमासा ती वरखाली हलवितो. धावत्या चतुष्पादाचा कणाही वरखालीच वाकतो. देवमाशाच्या पुढील वल्ह्यांत मनगटाची व बोटांची हाडे असतात, आणि मागील बाजूस मांसात दडलेली कमरेची लहान हाडे असतात. डॉल्फिनच्या गर्भात तर मागील पायांचे अंकुर काही काळ दिसतात व नंतर मावळतात.

आता अश्मास्थींची साक्ष पाहू. १९८१ साली पाकिस्तानातील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्यास ‘पाकिसेटस’ हे नाव देण्यात आले. तो चार पायांचा होता. परंतु त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या कुळातील होते. १९९४ साली ‘अँब्युलोसेटस’, म्हणजे चालणारा देवमासा, प्रसिद्ध झाला. त्याचे मागील पाय पोहण्यास उपयोगी असे मोठे होते. आपल्या कच्छमध्येही या कुळातील प्राचीन प्राण्यांची हाडे मिळाली आहेत. पुढील काळातील ‘बॅसिलोसॉरस’ पूर्णपणे समुद्रवासी होता. १८३४ साली त्यास सरपटणारा प्राणी समजून हे नाव दिले गेले. रिचर्ड ओवेन यांनी दातांवरून तो सस्तन असल्याचे ओळखले. इजिप्तच्या वाळवंटात सापडलेले त्याचे मागील पाय १९९० साली प्रसिद्ध झाले. त्या पायांना गुडघा, घोटा व बोटे होती. मात्र एवढ्या प्रचंड देहाचा भार पेलण्यास ते अगदीच लहान होते.

देवमाशाचे पूर्वज कोणते, यावर मात्र दीर्घकाळ मतभेद होता. अश्मास्थींचे अनेक अभ्यासक त्यांस एका नष्ट झालेल्या मांसाहारी कुळाशी जोडीत, तर रक्तातील प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांचा अभ्यास करणारे पाणघोड्याकडे बोट दाखवीत. २००१ साली आरंभीच्या देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. त्या हाडाच्या दोन्ही टोकांस कप्पीसारखी खाच होती. अशी रचना गाय, शेळी, हरिण अशा समखुरी प्राण्यांतच आढळते. पुराव्यापुढे जुने मत मागे पडले.

या साखळीचा एक दुवा भारतातच मिळाला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतील कालाकोट परिसरातून पुष्कळ खडक जमविले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले व पुढे हान्स थेविसेन या संशोधकाच्या स्वाधीन केले. खडकातून हाडे मोकळी करताना ‘इंडोह्यूस’ या मांजराएवढ्या समखुरी प्राण्याची कवटी चुकून फुटली, आणि आत देवमाशासारखे जाड कानाचे हाड दिसले! त्याच्या पायांची हाडेही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याप्रमाणे जड होती. ही माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली.

वर्गात शिकविताना तीन गोष्टींची दक्षता घ्यावी. पाणघोड्याचा देवमासा झाला, असे सांगू नये. दोघांचा पूर्वज एक, असे सांगावे. वर उल्लेखिलेले प्राणी हे आजोबा, बाप व नातू नव्हेत. एकाच मोठ्या भावकीच्या त्या निरनिराळ्या शाखा होत. तसेच देवमाशाने पाय नको म्हटले म्हणून ते गेले, असेही नव्हे. प्रत्येक पिढीत पिलापिलांत थोडा फरक असतो. पाण्यात ज्यांचा निभाव अधिक लागला, त्यांची संतती अधिक वाढली. लक्षावधी वर्षांत त्या लहान फरकांची बेरीज झाली.

यासाठी महागड्या साधनांची जरुरी नाही. माळावर पडलेले शेळीच्या मागील घोट्याचे हाड मिळाल्यास ते स्वच्छ धुऊन मुलांच्या हाती द्यावे आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या खाचा त्यांना दाखवाव्यात. अशाच खाचांच्या हाडाने समुद्रातील सर्वांत मोठ्या प्राण्याचे नाते गोठ्यातील जनावरांशी जोडून दिले, हे त्यांना समजले की ‘देवमासा हा मासा नव्हे’ हे वाक्य त्यांना पाठ करावे लागणार नाही. ते का खरे, हे मुलेच सांगतील.