पाठीचा कणा आणि नित्याची दुखणी
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या बाह्यरुग्ण विभागात कंबर धरून येणारी व्यक्ती बहुधा निदान स्वतःच करून आलेली असते. “डॉक्टर, मणक्यात गॅप आली आहे,” हे तिचे पहिले वाक्य. हा शब्द कोणी रूढ केला कोण जाणे. पण त्याने लोकांना जेवढे घाबरवले आहे, तेवढे प्रत्यक्ष व्याधीनेही क्वचितच घाबरवले असेल. वास्तविक दोन मणक्यांमध्ये अंतर असणे हेच निसर्गाला अभिप्रेत आहे. मानेत 7, पाठीत 12 आणि कमरेत 5 मणके असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ गाभ्याच्या, चिवट कडांच्या एकूण 23 चकत्या असतात. वयोमानानुसार चकतीतील पाणी घटते, ती बसकी होते आणि ते अंतर कमी होते. म्हणजे जिला आपण गॅप म्हणतो, ती वाढत नसून घटत असते!

प्रौढ वयात या चकतीच्या गाभ्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते. दिवसभराच्या भाराने तिच्यातील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्रीच्या विश्रांतीत ते परत भरते. त्यामुळेच आपण सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे कण्याला मानवत नाही, मग ती खुर्ची कितीही महागडी असो. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. ताठ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर तो अधिक भरतो, हे त्यातून दिसले. संगणकासमोरील कारकून, शिवणयंत्रावरील भगिनी, वाफ्यात ओणवे राहून भातलावणी करणारी शेतकरी स्त्री, या सर्वांना आम्ही एकच गोष्ट सांगतो : अर्ध्या तासाने उठा, पाठ मागे ताणा, चार पावले चाला. पाण्याचा हंडा उचलताना गुडघ्यांत वाका, हंडा पोटाशी धरा आणि उचलता उचलता कमरेत पिळू नका.

आता दुखणे आलेच तर काय करावे? उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. उसण बहुतेक वेळा आपोआपच उतरते, श्रेय मात्र लाथेला मिळते. तरुणाच्या बाबतीत यावर हसून सोडता येईल. परंतु हाडे ठिसूळ झालेल्या आजींच्या पाठीवर असा प्रयोग झाला, तर मणका दबून मोडू शकतो. त्याहून अधिक चिंता आम्हाला वाटते ती नाव नसलेल्या पुड्यांची. ज्या पुडीने एका रात्रीत सगळे सांधे मोकळे होतात, तिच्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने तीच हाडे पोखरली जातात.

पूर्वी डॉक्टरच महिनाभर फळीवर झोपायला सांगत. ती समजूत आता मागे पडली आहे. 1986 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती पुरेशी ठरली. 1995 साली फिनलंडमध्ये तर झेपेल तितके नित्यकर्म चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. शेक घ्यावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक थोडे दिवस घ्यावे आणि हिंडतेफिरते राहावे. बहुसंख्य रुग्णांना सहा आठवड्यांच्या आत पुष्कळच आराम पडतो. पट्टा मात्र महिनोन्‌महिने बांधून ठेवू नये, स्नायू आळसावतात.

“एमआरआय करू का?” असा प्रश्न हटकून येतो. 1994 साली पाठदुखी नसलेल्या 98 व्यक्तींचे एमआरआय तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत एखादी तरी चकती फुगलेली आढळली. चित्रातील दोष आणि रुग्णाचे दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. रोजंदारीवरील माणसाने कर्ज काढून ही तपासणी करण्यापूर्वी आम्हाला विचारावे, एवढीच विनंती.

मात्र काही लक्षणे थांबण्याची नसतात. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, असे घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला होता किंवा जे पडले आहेत, त्यांनीही पाठदुखी अंगावर काढू नये.

आपल्या देशात आणखी एक दुखणे विसरून चालत नाही, ते म्हणजे मणक्याचा क्षय. खोकला नसतो, त्यामुळे क्षयाची शंका कोणाला येत नाही. संध्याकाळी कणकण, वजनात घट, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असे कित्येक आठवडे चालते. घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात आणि रुग्ण मालीश करून घेत राहतो. पाठीला पोक येऊन पाय लुळे पडू लागले की धावपळ सुरू होते. वेळीच ओळखल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना, केवळ औषधांनी बरे होतात. औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. परंतु ती वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणाऱ्याला समजावणे हे आमच्या परिचारिकांचे सर्वांत कष्टाचे काम आहे आणि तेथे घरच्या मंडळींची साथ हवी असते.

व्यायामाविषयी बोलण्यापेक्षा तो करून पाहिलेला बरा. भौतिकोपचार विभागातील आमचे सहकारी आता सतरंजीवर चार साधे प्रकार दाखवतील. ज्यांना खाली बसवत नाही, त्यांनी खुर्चीवरूनच सुरुवात करावी.